साहेब आणि उमेदवार

मराठींत ‘उमेदवारी’ हा एक बोलका शब्द आहे. आज निवडणुकीच्या मोसमांत तो अधिक ऐकूं येतो. परंतु जुन्या कचेऱ्यांत त्याचा अर्थ निराळा होता. पुढेंमागें जागा रिकामी होईल या उमेदीवर, नांवापुरता पगार घेऊन किंवा तोहि न घेतां, कारकुनाच्या शेजारीं बसून नकला करणारा आणि प्रसंगीं साहेबाच्या घरची भाजीसुद्धां आणून देणारा तरुण म्हणजे उमेदवार. त्याला काम शिकवावें असें बंधन कोणावरहि नसे. तो पाहून शिके, ऐकून शिके आणि बोलणीं खाऊन शिके. ही पद्धत आपल्या कचेऱ्यांतून बव्हंशीं गेली. ज्या एका धंद्यांत तिचें प्रस्थ अद्यापि कायम आहे तो धंदा म्हणजे अमेरिकेंतील चित्रपटांचा.

हॉलिवुडमध्यें मोठ्या हुद्द्यावर चढण्याची जुनी वाट कोणत्याहि विद्यापीठांतून जात नसे. नटांच्या व लेखकांच्या वतीनें करारमदार करणाऱ्या ज्या दलाल-कंपन्या आहेत, त्यांच्या टपालखोलींतून ती जात असे. विल्यम मॉरिस या कंपनीची टपालखोली या बाबतींत प्रसिद्ध होती. बॅरी डिलर, मायकेल ओव्हिट्झ, डेव्हिड गेफेन हे पुढें या धंद्याचे सूत्रधार झालेले तिघेहि तेथें आरंभीं पत्रें वांटीत होते. गेफेनची गोष्ट तर त्यानें स्वतःच पुष्कळदां सांगितलेली आहे. १९६४ सालीं नोकरी मिळवितांना आपण पदवीधर आहों असें त्यानें खोटेंच लिहून दिलें होतें. कंपनी विद्यापीठाकडे चौकशी करते हें कळल्यावर तो रोज सर्वांच्या आधीं येऊन टपाल चाळूं लागला. विद्यापीठाचें पत्र आलें तें त्यानें वाफेवर उघडलें आणि त्याच्या जागीं स्वतः बनविलेलें पत्र ठेवून दिलें. उमेदवारीचा पहिला धडा तो असा शिकला.

टपालखोलींतून वर आलेला उमेदवार एखाद्या साहेबाच्या दाराबाहेरील मेजाशीं बसतो. तेथें त्याचें मुख्य हत्यार टेलिफोन. साहेबाला ज्यांच्याशीं बोलावयाचें असतें त्यांची यादी घेऊन एकामागून एक नंबर लावून देणें, कोण भेटला, कोणापाशीं निरोप ठेवला याचें टिपण ठेवणें हें त्याचें काम. शिवाय, बाहेरच्या माणसाला ही गोष्ट चमत्कारिक वाटेल, पण साहेबाचें बोलणें दुसऱ्या यंत्रावरून मुकाट्यानें ऐकत राहणें हेंहि त्याचें कर्तव्यच समजलें जातें. कोणत्या नटाला किती रक्कम कबूल झाली, कोणाची पटकथा केराच्या टोपलींत गेली, कोणाला गोड बोलून टाळलें, हें सारें त्याच्या कानांवरून जातें. या धंद्याची विद्या ती हीच, आणि ती दुसरीकडे कोठेंहि शिकावयास मिळत नाहीं. म्हणून या मेजाशीं बसण्यासाठीं तरुणांच्या रांगा लागतात, आणि रांग लागलेली आहे हें साहेबाला पक्कें ठाऊक असतें. पुढच्या साऱ्या कथेचें मूळ या एका गोष्टींत आहे.

‘स्विमिंग विथ शार्क्स’ हा १९९४ चा बोलपट याच मेजाविषयीं आहे. नांवाचा अर्थ शार्क माशांच्या संगतींत पोहणें. पाण्यांत राहून माशाशीं वैर करूं नये या आपल्या म्हणीचा रोख तोच. फरक इतकाच कीं, म्हण सावध करून थांबते आणि बोलपट वैर केल्यावर काय होतें तें दाखवितो. लेखक व दिग्दर्शक जॉर्ज हुआंग हा स्वतः हॉलिवुडांत अशाच मेजाशीं बसलेला मनुष्य. कोलंबिया कंपनींत असतांना त्याची रॉबर्ट रॉड्रिगेझ या तरुण दिग्दर्शकाशीं मैत्री झाली. अवघ्या ७,००० डॉलरांत ‘एल् मारियाची’ हा चित्रपट तयार करून रॉड्रिगेझनें नुकतेंच सर्वांना चकित केलें होतें. नोकरी सोड आणि स्वतःचा चित्रपट कर, हा त्याचा सल्ला हुआंगनें मानला. बोलपट सप्टेंबर १९९४ मध्यें टोरोंटोच्या महोत्सवांत आणि एप्रिल १९९५ मध्यें अमेरिकेच्या चित्रगृहांत आला. तिकिटविक्रीच्या मानानें तो चालला नाहीं. परंतु कचेरींत बोलणीं खाणाऱ्या तरुणांनीं तो एकमेकांना सांगून पाहिला, आणि अशी कीर्ति जाहिरातीपेक्षां अधिक टिकते.

कथानक थोडक्यांत असें. गाय नांवाचा तरुण चित्रपटकलेचें शिक्षण संपवून कीस्टोन पिक्चर्स या कल्पित कंपनींत बडी ॲकरमन या वजनदार अधिकाऱ्याचा मदतनीस म्हणून दाखल होतो. नांवांत थोडी गंमत आहे. इंग्रजींत ‘बडी’ म्हणजे दोस्त आणि ‘गाय’ म्हणजे कोणीहि एक इसम. मराठी कानाला मात्र दुसऱ्या नांवांतून गरीब गाय ऐकूं येते, आणि आरंभीं तो तरुण दिसतोहि तसाच. जागा सोडून चाललेला रेक्स त्याला कामाचे पाठ देतो. बेनिशियो डेल टोरोनें ही लहानशी भूमिका मोठ्या झोकांत केली आहे. गायचें काम फ्रँक व्हेलीनें आणि बडीचें केव्हिन स्पेसीनें केलें आहे. १९९५ सालीं न्यूयॉर्कच्या चित्रपट-समीक्षकांच्या मंडळानें ज्या भूमिकांबद्दल स्पेसीला दुय्यम नटाचें पारितोषिक दिलें, त्यांत ही एक होती.

साऱ्या बोलपटांत लक्षांत राहतो तो साखरेच्या पुडीचा प्रसंग. वस्तुतः ती साखरहि नव्हे. बडी ‘स्वीट अँड लो’ची पुडी मागवितो, ती सॅकरिनची, गुलाबी कागदांतली. गाय ‘ईक्वल’ची आणतो, ती ॲस्पार्टेमची, निळ्या कागदांतली. दोन्ही सारख्याच गोड आणि दोन्ही साखरेच्या ऐवजींच वापरावयाच्या. एवढ्या चुकीसाठीं बडी त्या मुलाला समोर उभा करतो आणि त्याची शिकवणी घेतो. विचार करणें हें तुझें काम नव्हे, तुला काय वाटतें याला येथें कवडीची किंमत नाहीं, असा त्या शिकवणीचा मथितार्थ. भयंकर आहे ती त्याची पद्धत. मंदबुद्धीच्या पोराला पाढा समजावून द्यावा तसा तो एकेक शब्द मोजून टाकतो. आणि मुलगा जेव्हां क्षमा मागतो तेव्हां ती क्षमासुद्धां त्याला पुढच्या वाक्याला उपयोगी पडते.

या प्रसंगाचें मर्म पुडीच्या क्षुद्रपणांत आहे. मदतनिसानें मोठी चूक केली असती, एखादा करार हरवला असता, तर साहेबाचा राग चुकीवर आहे असें तरी म्हणतां आलें असतें, आणि चूक सुधारली कीं राग निवतो. पुडीवरचा राग निवण्याजोगा नसतो. तो चुकीवर नाहीं, माणसावर आहे. आणि माणूस उद्यांहि त्याच मेजाशीं बसणार आहे. ज्यांना असा वरिष्ठ भेटला आहे त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. असा मनुष्य मोठ्या संकटाच्या वेळीं पुष्कळदां शांत असतो, कारण तेव्हां त्याचें लक्ष संकटाकडे असतें. चहा निवला, खुर्ची किंचित् हलली, टांचणी भलतीकडे टोंचली, कीं त्याचा खरा स्वभाव प्रगट होतो. हाताखालच्या माणसाला त्यामुळें सावधपणाचा कोणताच नियम बांधतां येत नाहीं. तो कामाकडे पाहण्याचें सोडून सतत साहेबाच्या चेहऱ्याकडे पाहूं लागतो. हुआंगनें हें एका पुडींत बसविलें, ही त्याच्या लेखनाची करामत मानावी लागेल.

यानंतर अपमानांची मालिका चालू राहते. वस्तु अंगावर फेकल्या जातात. सुटीचा दिवस सुटीचा राहत नाहीं. गायनें सुचविलेल्या गोष्टीचें श्रेय साहेब घेतो. डॉन लॉकर्ड नांवाच्या एका निर्मातीशीं त्याचें प्रेम जमतें तेवढाच काय तो विसांवा. पण त्या घरींहि साहेबाचा टेलिफोन वाजतोच. हे महिने आणि पुढें घडलेली एक रात्र अशीं दोन सूत्रें दिग्दर्शकानें आलटूनपालटून गुंफलीं आहेत. त्या रात्रीं सहनशक्ति संपलेला गाय बडीच्या घरांत शिरतो, त्याला खुर्चीला बांधतो आणि त्याचे हाल करतो. हालांचा प्रकार पाहण्यासारखा आहे. कागदाच्या कडेनें तो साहेबाच्या तोंडावर बारीक चिरा पाडतो आणि त्या जखमांना झोंबेल असें कांहीं त्यांवर घालतो. जन्मभर कागदच हाताळणाऱ्या माणसाला सुचावा असाच हा छळ आहे. विनोद व किळस यांच्या सीमेवर तो प्रेक्षकाला बराच वेळ ताटकळत ठेवतो, किंचित् अधिकच वेळ.

खरी गोष्ट सुरू होते ती साहेब बोलूं लागतो तेव्हां. बारा वर्षांपूर्वीं नाताळच्या आदल्या रात्रीं आपल्या पत्नीचा खून झाला, हें तो सांगतो, आणि प्रथमच तो माणसासारखा दिसतो. परंतु त्याहून महत्त्वाचें त्याचें दुसरें निवेदन आहे. आपणहि एके काळीं असेच मदतनीस होतों. आपल्यालाहि जुलमी साहेब भेटले. दहा वर्षें आपण तें सारें गिळलें आणि म्हणून आज या खुर्चीवर आहों. तूं आल्यापासून तुला सारें आयतेंच हवें आहे. तुला जो त्रास दिला तो तुझी परीक्षा होती.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद नवा नाहीं. सासुरवास सोसलेली सून पुढें सासू झाली म्हणजे आपल्या सुनेला जें ऐकविते तें हेंच: आम्ही नाहीं का सोसलें? ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण लोक बहुधा काळाच्या न्यायाविषयीं वापरतात. तिच्यांत एक भयंकर गोष्ट लपलेली आहे तिकडे लक्ष जात नाहीं. सुनेचे चार दिवस येतात तेव्हां ते कोणाच्या अंगावर जातात? जिनें छळलें ती तोंवर थकलेली किंवा गेलेली असते. हिशोब चुकता होतो तो पुढच्या सुनेशीं, जिचा त्यांत कांहींहि संबंध नसतो. बडी ॲकरमनचें असेंच आहे. ज्या साहेबांनीं त्याला दहा वर्षें वाकविलें त्यांना तो कांहींएक बोलला नाहीं. तो वाट पाहत राहिला, आणि एके दिवशीं त्याच्या मेजाशीं एक मुलगा निळी पुडी घेऊन आला.

या युक्तिवादाला उत्तर देणें वाटतें तितकें सोपें नाहीं, कारण त्यांत थोडें सत्य आहे. कठीण गुरूपाशीं माणूस घडतो ही गोष्ट खोटी नव्हे. आपल्या गवयांच्या घराण्यांतून शिष्यांनीं गुरुगृहीं पाणी भरल्याच्या, रागें भरून घेतल्याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, आणि त्यांतले शिष्य मोठे गवई झालेहि. परंतु अशा ठिकाणीं एक प्रश्न विचारावयास हवा: राग कशासाठीं होता? सूर चुकला म्हणून गुरु रागावला तर त्या रागांतून शिष्याच्या हातीं सूर येतो. बडीच्या रागांतून गायच्या हातीं काय येतें? बरी पटकथा आणि वाईट पटकथा यांतला भेद त्याला साहेबानें कधींच शिकविला नाहीं. दाराचा आवाज ऐकून आजचा वारा कोणत्या दिशेचा आहे हें ओळखणें, दोष दुसऱ्याच्या नांवावर कसा टाकावा, खोटें केव्हां बोलावें, हें तो शिकला. ही विद्या चित्रपट चांगला काढण्याच्या उपयोगाची नाहीं. ती फक्त त्याच मेजावर टिकून राहण्याच्या आणि पुढें तसेंच मेज दुसऱ्याला देण्याच्या उपयोगाची आहे.

शिवाय टिकून राहिलेल्यांचीच साक्ष काढली जाते, हा या युक्तिवादांतला दुसरा दोष. छळ सोसून वर आलेला मनुष्य छळाला यशाचें कारण मानतो. पण तितकाच छळ सोसून जे अर्ध्या वाटेवर गांवीं परत गेले, ज्यांची हुशारी कोणाच्या लक्षांतच आली नाहीं, त्यांना कोणी विचारीत नाहीं. अशा जागेवर शेवटपर्यंत राहतो तो सर्वांत गुणी उमेदवार असेलच असें नाहीं. ज्याच्या घरून पैसे येतात आणि म्हणून ज्याला तुटपुंजा पगार चालतो, किंवा ज्याचें कातडें मुळांतच जाड आहे, तो राहतो. आणि अशांच्याच हातीं पुढें कोणता चित्रपट निघावा व कोणता निघूं नये याचा निर्णय जातो.

आतां शेवट. गायच्या हातीं पिस्तूल आहे, साहेब बांधलेला आहे, आणि इतक्यांत डॉन तेथें येते. पाहणाराला दोनच गोष्टी शक्य वाटतात: एक तर मुलगा साहेबाला मारील, किंवा पिस्तूल खालीं ठेवील. गोळी सुटल्याचा आवाज येतो, आणि पडदा एकदम कचेरींत उघडतो. गायला बढती मिळालेली आहे. मेली आहे ती डॉन. साहेबाला कोंडून छळणारी तीच होती अशी कथा सर्वत्र झालेली आहे, आणि त्या कथेला बडीचा दुजोरा आहे. बडी जिवंत आहे. तोंडावर त्या रात्रीच्या खुणा आहेत. त्या रात्रीचा हिशोब त्या दोघांनीं आपसांत मिटविलेला आहे.

या शेवटावर पुष्कळांनीं आक्षेप घेतला कीं, तो खरा वाटत नाहीं. एका सरळ मुलानें प्रेयसीला गोळी घालावी हें अतिच झालें. घटना म्हणून आक्षेप रास्त आहे. परंतु हिशोब म्हणून पाहिलें तर हाच शेवट बाकीच्या बोलपटाशीं प्रामाणिक आहे. साहेबाला मारलें असतें तर तो सूड झाला असता आणि साखळी निदान एका जागीं तुटली असती. साहेब ज्याला परीक्षा म्हणत होता ती परीक्षा गाय उत्तीर्ण झाला, आणि परीक्षेचें शुल्क तिसऱ्याच व्यक्तीनें भरलें. पुढच्या सुनेसारखीच तीहि त्या भांडणांत नव्हती.

मात्र बोलपटाचा एक मोठा दोष झांकून चालणार नाहीं. ज्या डॉनच्या जिवावर हा शेवट उभा आहे, तिला लेखकानें पुरतें व्यक्तित्व दिलेलें नाहीं. ती धंद्यांत स्वतःच्या हिमतीवर उभी आहे, तिला एक पटकथा पडद्यावर आणावयाची आहे, इतकें समजतें. तिनें स्वतः कोणत्या मेजाशीं बसून काय सोसलें हें विचारावयास लेखकाला सवड नाहीं. आणि दुसरें असें कीं, उत्तम वाक्यें सारीं साहेबाच्या तोंडीं आहेत. स्पेसीनें तीं अशा लयींत म्हटलीं कीं प्रेक्षक मुलाची कींव करतां करतां साहेबाच्या बोलण्याची वाट पाहूं लागतो. जुलमी मनुष्य रंगभूमीवर आकर्षक असतो ही अडचण जुनी आहे. कीचक चांगला वठला कीं टाळ्या त्यालाच पडतात. पुढें २००७ सालीं लंडनच्या व्हॉडव्हिल थिएटरांत याच कथेचें नाटक झालें, त्यांत साहेबाचें काम ख्रिश्चन स्लेटरनें आणि मदतनिसाचें मॅट स्मिथनें केलें. २०२२ च्या मालिकेंत दोघीहि स्त्रिया झाल्या. म्हणजे माणसें बदललीं, स्त्रीपुरुष बदलले, तरी ती खुर्ची आणि तें मेज लोकांना पाहावेसें वाटतच राहिलें.

अशा कथा लिहितो कोण, हेंहि पाहण्यासारखें आहे. ‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’ या १९५७ च्या बोलपटांत एका सर्वशक्तिमान् वृत्तपत्रलेखकाच्या कृपेसाठीं लोळण घेणारा प्रसिद्धिदलाल आहे. ती मूळ कथा लिहिणारा अर्नेस्ट लेमन हा स्वतः एका प्रसिद्धिदलालाच्या हाताखालीं राबलेला होता. २००३ सालीं ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ ही कादंबरी लिहिणारी लॉरेन वाइसबर्गर ही ‘वोग’ मासिकाच्या संपादिकेची मदतनीस होती. २००६ च्या बोलपटांत मेरिल स्ट्रीपनें त्या साहेबिणीला अमर केलें. हुआंगचें तर सांगितलेंच. साहेब लोक आत्मचरित्रें लिहितात, आणि त्यांत मदतनिसांचे प्रसंग बहुधा नसतात. दुसऱ्या यंत्रावरून मुकाट्यानें ऐकणाऱ्याच्याच हातीं शेवटीं लेखणी येते.

१९९४ सालीं पाहणारांनीं या बोलपटाला अतिशयोक्ति म्हटलें. ५ ऑक्टोबर २०१७ रोजीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें हार्व्हे वाइनस्टीन या निर्मात्यासंबंधीं मजकूर छापला आणि त्यानंतर अतिशयोक्ति हा शब्द वापरणें कठीण झालें. त्याच महिन्याच्या अखेरीस खुद्द स्पेसीवर गैरवर्तनाचे आरोप झाले व त्याचीं कामें बंद पडलीं. पुढें २०२२ सालीं न्यूयॉर्कच्या दिवाणी दाव्यांत आणि जुलै २०२३ मध्यें लंडनच्या फौजदारी खटल्यांत ज्यूरीनें त्याच्या बाजूनें निकाल दिला. २०२१ च्या एप्रिलांत स्कॉट रूडिन या नामांकित निर्मात्याच्या कचेरींतील जुन्या मदतनिसांनीं फेकाफेकीच्या व शिवीगाळीच्या हकीकती एका व्यावसायिक पत्राला सांगितल्या. रूडिन कामांतून बाजूला झाला, आणि २०२५ सालीं ब्रॉडवेवर परतला. रांग तशीच होती, इतकेंच यावरून समजावयाचें.

या घडामोडींनंतर याच मेजावर दुसरा एक बोलपट निघाला, आणि हुआंगच्या बोलपटांत जें राहून गेलें तें त्यानें भरून काढलें. किटी ग्रीन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेचा ‘द असिस्टंट’ २०१९ सालीं प्रथम दाखविला गेला. तो लिहिण्यापूर्वीं तिनें अनेक मदतनिसांशीं बोलून त्यांचे अनुभव गोळा केले होते. ज्यूलिया गार्नरनें केलेली जेन ही न्यूयॉर्कमधील एका चित्रपट-कचेरींत नवी लागलेली मुलगी. कथा तिच्या एकाच दिवसाची. अंधार असतांना ती येते, दिवे लावते, कागद छापून काढते, मेजें पुसते. साहेबाच्या खोलींत सांपडलेलें एका स्त्रीचें कानांतलें उचलून ठेवते. येथें साहेब एकदांहि दिसत नाहीं. टेलिफोनमधून त्याचा आवाज येतो, तोहि अर्धवट. भिंतीपलीकडून हंसणें ऐकूं येतें. टाळ्या घेण्यास पडद्यावर कोणी नाहींच. साहेब रागावला कीं जेन क्षमेचें पत्र लिहावयास बसते, आणि शेजारचे दोघे जुने मदतनीस तिच्या खुर्चीमागें येऊन कोणतीं वाक्यें घालावीं हें सांगतात. त्यांना तीं पाठ आहेत. ते दुष्ट नाहींत. एकमेकांना सांभाळून घेण्याची त्यांची हीच रीत झालेली आहे.

एक नवी, फार तरुण मुलगी कांहीं अनुभव नसतां कामावर घेतली जाते आणि तिची व्यवस्था हॉटेलांत केली जाते, तेव्हां जेनचा धीर सुटतो. ती नोकरवर्गाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. मॅथ्यू मॅक्फेडनचा हा प्रवेश साखरेच्या पुडीच्या प्रसंगाशेजारीं ठेवून पाहावा. आवाज चढत नाहीं, शिवी नाहीं. तो अधिकारी तिला नाक पुसण्यास कागद देतो, वही उघडतो, तिनें पाहिलेल्या गोष्टी तिलाच परत सांगतो. आणि त्या एकेक सुट्या करून सांगितल्यामुळें त्यांतून कांहींच उरत नाहीं. तुला पुढें निर्माती व्हावयाचें आहे ना, असें विचारतो. ती जावयास निघते तेव्हां, तुला काळजीचें कारण नाहीं, तूं साहेबांच्या पसंतीची नव्हेस, असें आश्वासनहि देतो. बडी ॲकरमनच्या साऱ्या वाग्बाणांपेक्षां हें एक सौजन्य अधिक गार आहे. ती मेजाशीं परतते तों तिच्या तक्रारीची बातमी तिच्याआधीं पोंचलेली असते, आणि पुन्हां एक क्षमेचें पत्र लिहावें लागतें.

रात्रीं ती कचेरीसमोरच्या एका लहानशा दुकानांत जाऊन बसते. वरच्या मजल्यावर साहेबाच्या खिडकींत दिवा आहे. ती वडिलांना टेलिफोन करते. त्यांचा वाढदिवस ती विसरलेली असते. ते रागावत नाहींत. त्यांना तिचा अभिमान वाटतो, आणि ही केवढी मोठी संधि आहे, असें ते तिला म्हणतात. ती हो म्हणते, थोडें खाते, आणि अंधारांत घराकडे चालूं लागते.